गेणू म्हणे

बावड्याच्या चौकात रसवंतीशेजारी एक फ्लेक्स लागला होता, आणि त्यावर गेणू होता. म्हणजे खाली नाव तरी त्याचंच होतं. 'संत गेणू महाराज पुण्यतिथी सोहळा. हरिपाठ, कीर्तन व महाप्रसाद.' वर पांढऱ्या दाढीचे, कपाळाला बुक्का लावलेले, गळ्यात तुळशीची माळ घातलेले एक म्हातारबाबा हात उंच करून येणाऱ्याजाणाऱ्याला आशीर्वाद देत होते. दत्तोबा खलाट्यांनी चष्मा पुसून ते पुन्हा वाचलं आणि भर चौकात मोठ्यानं म्हणाले, "आयला, ह्यांच्या बैलाला!"

रागवू नये तर काय करावं? गेणूला दाढी कधीच नव्हती. ऐन चाळिशीत कावीळ होऊन गेला तो, म्हातारा व्हायला त्याला सवडच मिळाली नाही. माळेचं तर नावच सोडा. देवळात तो जायचा ते उन्हाळ्यात, फरशी गार लागते म्हणून. तिथं आडवा होऊन विडी ओढायचा आणि पुजारी अंगावर आला की म्हणायचा, "देवाची काय तक्रार हाय का, आधी इचारून ये." अशा माणसाच्या नावानं महाप्रसाद!

दत्तोबा बावड्याला आले होते मेहुण्याला भेटायला. मेहुणा राहिला बाजूला, ते थेट भजनी मंडळाच्या लखनबुवाच्या दारात जाऊन उभे राहिले. लखनबुवा म्हणजे तिशीतला पोरगा, हार्मोनियमवर बोट चांगलं, स्वभावानं गरीब. त्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं.

"हे गेणू महाराज कोण रं?" दत्तोबांनी विचारलं.

"तात्या, त्यांचा अभंग लई गाजलाय. मोबाईलवर सगळीकडं फिरतोय. 'वेल उतरली, मातीत निजली.' पर महाराजांचा इतिहास काय घावंना झालाय. कुणी म्हणतं तीनशे वर्षापूर्वीचं हायत."

"तीनशे? अरे, त्यानं माझ्या सायकलच्या कॅरेजवर बसून सारी बारामती पालथी घातलीय! चढाला उतरायचासुद्धा न्हाय, लबाड!"

लखनबुवाचे डोळे मोठे झाले. त्यानं खाली वाकून दत्तोबांच्या पायाला हात लावला. "मंजी तुमी महाराजांचं शिष्य?"

दत्तोबांनी हातच टेकले. पाणीसुद्धा न पिता ते उठले आणि एसटी धरून माळेगावला घरी आले.

आता हा गेणू कोण, ते सांगायला हवं. गेणू म्हेत्रे निमगाव केतकीचा. घरचा पानमळा, म्हणजे विड्याच्या पानांचा. शेवरीच्या उंच झाडांवर नागवेली चढवायच्या, पानं खुडायची आणि वर्षातून एकदा सगळी वेल खाली उतरवून तिचं वेटोळं मातीत पुरायचं. याला उतरण म्हणतात. पुरलेली वेल नव्या जोमानं पुन्हा वर चढते. हे काम करता करता गेणू कविता करायचा, आणि कशा? तर त्या काळी मुंबई-पुण्याच्या पोरांनी जुन्या कवितेविरुद्ध बंड पुकारलं होतं, तशा. यमक नाही, वृत्त नाही, चंद्र नाही, फुलं नाहीत. दत्तोबा तेव्हा बारामतीत एका सोसायटीच्या कचेरीत कारकून होते. दोघांनी मिळून एक अनियतकालिक काढलं आणि त्याचं नाव ठेवलं 'ढेकूळ'. नावावरूनच बारामतीतले शिक्षकलोक नाक मुरडायचे.

काय दिवस होते ते! कचेरी सुटली की सायक्लोस्टाईलचं यंत्र फिरवायचं. शाई कोपरापर्यंत. दत्तोबांच्या बायकोनं त्यांचा पांढरा सदरा धुवायचाच सोडला होता. अंक निघाला की प्रश्न यायचा, पुण्याला पोचवायचा कसा? पोस्टाला पैसे कुणाकडं होते? मग गेणूच्या मळ्यातून पानांच्या करंड्या पुण्याच्या बाजाराला जायच्या, त्यांच्या तळाशी ओल्या फडक्याखाली 'ढेकूळ'चे अंक घालायचे. मंडईतला एक पानवाला ते काढून ठेवायचा आणि साहित्यिक मंडळी पान खायला आली की चुन्याच्या बोटानंच हातात द्यायचा. मराठीतली सगळ्यात नवी कविता अशी पानाचा वास घेऊन, कडा दमट होऊन पुण्यात पोचायची. एका मोठ्या समीक्षकानं लिहिलं होतं की या कवितेला मातीचा गंध आहे. गेणू पोट धरून हसला होता. "मातीचा न्हाय गड्या, कपुरी पानाचा!"

आणि दोघांत भांडणंही तशीच व्हायची. दत्तोबांनी एकदा कवितेच्या शेवटी "उद्या उजाडेल" असं लिहिलं तर गेणूनं कागद टराटरा फाडला. "दिलासा द्यायचा असंल तर दवाखाना काढ. कविता करू नगं." हा त्याचा नियम. त्याची सगळ्यात चांगली कविता दत्तोबांना आजही तोंडपाठ होती, आणि ती अशी होती:

वेल उतरवून ठेवली मातीत.
शेवरीला विचारलं, आता?
शेवरी काही बोलली नाही.
मीही नाही.
दोघं उभे राहिलो,
रिकामे हात वर.

बस. एवढीच. पुढं काही नाही. यातच सगळं आलं, असं दत्तोबांचं म्हणणं. गावाला ती कळली नाही. पुण्यात दोघाचौघांनी वाहवा केली. एक संग्रह निघाला आणि गेणू गेला. पुढं वाङ्मयाचा इतिहास छापून आला तेव्हा दत्तोबांनी बारामतीच्या वाचनालयात उभ्याउभ्याच तो जाडजूड ग्रंथ चाळला. गेणूच्या वाट्याला दीड ओळ आली होती. 'याच काळात गेणू म्हेत्रे यांनीही काही प्रयोग केले. मात्र त्यांची परंपरा निर्माण झाली नाही.' त्या दीड ओळीनं दत्तोबांच्या काळजाला जी घरं पडली ती पडलीच. निपुत्रिक माणसाला कुणी पुन्हा तोंडावर निपुत्रिक म्हणावं, तसं वाटलं त्यांना. तेव्हापासून ते जिथं माईक मिळेल तिथं गेणूवर बोलत. लग्नाच्या मांडवातसुद्धा एकदा बोलले होते. नवरीचा बाप अजून ओळख देत नाही.

आणि इकडं हा अभंग! कुठून उगवला देव जाणे. निमगावच्या बाया तो पानं खुडताना म्हणत, मग तो दहाव्याच्या विधीला नदीकाठी म्हटला जाऊ लागला, मग लेकीबाळींबरोबर सासरी गेला, आणि आता बावड्यात त्याचा फ्लेक्स लागला. गेणूचीच कविता, पण तिला चाल लावलेली, यमकं जुळवलेली:

वेल उतरली, मातीत निजली,
शेवरी राहिली, उभी रानी.
बोलेना शेवरी, मीही न बोललो,
दोघेच राहिलो, हात वर.
गेणू म्हणे आता, पुन्हा येई वेल,
तोवर राहील, उभा कोणी.

पहिली दोन कडवी दत्तोबांनी कशीबशी गिळली असती. पण तिसरं? 'पुन्हा येई वेल'? ज्या माणसानं दिलासा द्यायचं आयुष्यभर टाळलं, त्याच्याच तोंडी दिलासा? आणि वर 'गेणू म्हणे'! हे कुठंही कानावर पडलं की दत्तोबा ताडकन उठून निघून जात. लोकांना वाटे, म्हाताऱ्याला मित्राची आठवण सोसत नाही.

बावड्याहून आल्यावर दोनच दिवसांत संस्कृती भापकर त्यांच्या घरी आली. बारामतीच्या एका कॉलेजात मराठी शिकवणारी मुलगी, बोलायला चटपटीत, पण खोटं कौतुक न करणारी. साठोत्तरी कवितेचा नवा इतिहास लिहिला जात होता आणि त्यातलं एक प्रकरण तिच्याकडं होतं.

"सर, गेणू म्हेत्रे मला आवडतात," ती म्हणाली. "पण नुसत्या आवडण्यावर इतिहासात जागा देता येत नाही. त्यांच्यानंतर कुणी त्यांचं काही घेतलं का, हे दाखवावं लागतं. मी शोधलं. एकाही कवीनं त्यांचं नाव घेतलेलं नाही."

"कवी कृतघ्न असत्यात," दत्तोबा म्हणाले.

"असतील. पण मला हे सापडलं." तिनं मोबाईल पुढं केला आणि बावड्याच्या मंडळाचा तो अभंग खोलीत वाजायला लागला. दत्तोबा उठायला गेले, पण स्वतःच्या घरातून उठून जाणार कुठं? परत बसले.

"हा गेणू म्हणजे तेच ना?" संस्कृतीनं विचारलं. "तसं असेल तर ही फार मोठी गोष्ट आहे. एका साठोत्तरी कवीची कविता एका पिढीत लोकगीत झाली, असं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. मग त्यांच्यावर दीड ओळ नाही, पानं लिहावी लागतील. नसेल, तर मात्र आहे ते तसंच राहील. रविवारी मी निमगावला रेकॉर्डिंगला जातेय. तुम्ही सांगाल त्यावर ठरेल."

बघा आता पंचाईत! हो म्हणावं, तर गेणू इतिहासात जाणार, पण बुक्का लावून, यमक जुळवून, ज्या गोष्टींवर तो आयुष्यभर थुंकला त्याच गळ्यात घालून. नाही म्हणावं, तर गेणू तसाच राहणार, निर्मळ, कडक आणि दीड ओळीचा. ज्या दिवसाची दत्तोबांनी तरणेपणापासून वाट पाहिली तो दारात आला होता, आणि त्यांना दार उघडवेना. "रविवारी निमगावातच सांगतो," ते कसेबसे म्हणाले.

मग त्यांनी मनाशी एक तोड काढली. निमगावच्या बायांना सांगून ते तिसरं कडवं गाळायचं. पहिली दोन म्हणा म्हणावं, तिसरं नको. म्हणजे गेणूची लाजही राहील आणि इतिहासही होईल. त्या बायांमध्ये सगळ्यात वडीलधारी होती जयवंता, गेणूची बायको. तिच्या शब्दाबाहेर कुणी जाणार नाही. रविवारी संस्कृतीच्या आधी पोचायचं म्हणून दत्तोबांनी सकाळची गाडी धरली. भवानीनगर गेलं, लासुर्णे गेलं, अंथुर्णे गेलं, आणि दर थांब्याला त्यांना गेणू आठवत होता. इथं सायकल पंक्चर झाली होती. इथं त्यानं एका कंडक्टरला कविता ऐकवली होती आणि कंडक्टरनं दोघांना खाली उतरवलं होतं. त्यांना हसूही येत होतं आणि डोळेही भरत होते. शेजारच्या बाईनं विचारलं, "आबा, बरं वाटत न्हाय का?" तर म्हणाले, "लई बरं वाटतंय."

पानमळ्याच्या तोंडाशी त्यांनी चपला काढल्या. पानमळ्यात पायताण घालून कुणी जात नाही, गेणूसारखा नास्तिकही जायचा नाही. आत हिरवा अंधार आणि गारवा. जयवंता वेलींच्या एका आळीत बसून पानं जुळवत होती. केस पांढरे, पाठीला पोक, पण हात चपळ.

"या भावजी. लई दिवसांनी वाट चुकला."

"वहिनी, एक काम हाय," दत्तोबा म्हणाले आणि त्यांनी आडपडदा न ठेवता सगळं सांगून टाकलं. बारामतीची बाई येणार, ती रेकॉर्डिंग करणार, गेणूचं नाव मोठ्या पुस्तकात जाणार. "फक्त एक करा. ते शेवटचं कडवं तेवढं म्हणू नका. कुणा बुवानं घुसडलंय ते. ते गेणूचं न्हाय."

जयवंताचा हात थांबला. "न्हायच हाय ते त्यांचं," ती म्हणाली. "माझं हाय."

"तुमचं?"

"मग? आख्खं गाणंच मी बांधलंय. ते मळ्यात पुटपुटत फिरायचं, ते माझ्या कानावर पडायचं. मला काय त्या गाण्याला चाल दिसंना, म्हणून मीच दिली. पाठच हुईना त्याबिगर."

चाळीस वर्षं दत्तोबांनी ज्याला शिव्या घातल्या तो बुवा हा असा समोर बसला होता. तरी त्यांचा हेका सुटेना. "पर वहिनी, 'गेणू म्हणे' कशाला? जे त्यो म्हणालाच न्हाय, ते त्याच्या तोंडी कशाला घातलंत? तुमच्या नावानं म्हणायचं!"

जयवंतानं हातातली पानं बाजूला ठेवली. मग म्हणाली, "भावजी, लग्नात उखाण्यात एकदा नाव घेतलं हुतं. त्येबी बायांनी दार अडवलं म्हणून. त्यानंतर कधी न्हाय. कुणी इचारलं तर 'घरात हायत', 'मळ्यात हायत', एवढंच. दवाखान्यात डाक्टरनं नाव इचारलं तर शेजारची द्वारकाबाई पुढं झाली. मग हे गेलं. दहाव्याला सगळी नाव घेत हुती. गुरुजी घेत हुते, भाऊबंद घेत हुते. तुमी तर केवढं भाषण केलंत, दर वाक्याला गेणू, गेणू. मी कोपऱ्यात बसून ऐकत हुते. मला एवढा राग आला तुमचा! म्हणलं, माझा माणूस, आन सगळ्या जगाला त्यांचं नाव घेता येतं, माझ्याच तोंडाला कुलूप."

दत्तोबांना ते भाषण आठवलं. त्यांना ते अजूनही आपलं सगळ्यात चांगलं भाषण वाटत होतं.

"पुढं पानं खुडताना गाणं म्हणाय लागले," जयवंता सांगत होती. "तवा ध्यानात आलं, अभंगात 'म्हणे' येतंय की! देवाचं, संताचं नाव घ्यायला बाईला कोण अडवतं? मग म्हणलं 'गेणू म्हणे'. पहिल्यांदा म्हणलं तवा इकडंतिकडं बघितलं. कुणी हसलं न्हाय. दुसऱ्या आळीतल्या बायांनी वरनं तेच धरलं. सगळा मळा त्यांचं नाव घ्यायला लागला, भावजी. मी लई रडले त्या दिवशी. तेवढ्यापुरतं त्यास्नी संत केलं मी. मला कुठं ठाव, ते बावड्याचे लोक दाढी लावतील म्हणून!"

आणि ती हसली. तोंडाला पदर लावून, खुदूखुदू. दत्तोबाही हसायला गेले, पण घशातून भलताच आवाज आला, आणि त्यांनी सरळ टोपी काढून तोंडावर धरली. चाळीस वर्षं ते गेणूच्या नावाची राखण करत होते. त्या नावाची भूक आणखी कुणाला असेल, हे त्यांच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

"आन ते 'पुन्हा येई वेल'?" टोपी परत डोक्यावर ठेवत त्यांनी विचारलं.

"येतीच की ती," जयवंता म्हणाली. "मी काय खोटं बोलले का?"

संस्कृती आली ती ऊन चढल्यावर. तिनंही चपला बाहेर काढल्या. तोवर आसपासच्या मळ्यांतून बाया जमल्या होत्या. द्वारकाबाई होती, तिची सून अनिता होती. मोबाईल एका शेवरीच्या बुंध्याला टेकवला आणि जयवंतानं आवाज लावला. वयानं आवाज फाटला होता, तरी सूर जागेवर होता. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. जयवंतानं दत्तोबांकडं बघितलं. म्हणजे विचारलंच तिनं. दत्तोबांनी मान हलवली, म्हणा म्हणून. आणि बायांनी 'गेणू म्हणे' धरलं तेव्हा त्यांनीही आपला भसाडा आवाज त्यात मिसळला. आयुष्यात पहिल्यांदा. गेणूनं ऐकलं असतं तर ढेकूळ फेकून मारलं असतं, पण म्हणे तर म्हणे.

गाणं संपल्यावर संस्कृतीनं वही उघडली. "सर, मग काय ठरलं?"

"त्योच हाय," दत्तोबा म्हणाले. "माझाच गेणू. पर एक ऐका. त्याची मूळ कविता आधी छापा, बिनयमकाची, हाय तशी. तिला कुणी हात लावायचा न्हाय. आन तिच्याखाली हे गाणं छापा. त्याचं म्हणून न्हाय. ह्या वहिनींचं म्हणून. पहिला कवी जो त्याच्याकडनं शिकला, तो ह्यो."

संस्कृती जयवंताकडं बघत राहिली. मग वाकून तिच्या शेजारी बसली. "आजी, मग तुमचं नाव घालायला हवं. पूर्ण नाव सांगा."

बायांत खसखस पिकली. "त्या न्हाय घ्यायच्या," अनिता म्हणाली. द्वारकाबाईनं सवयीनं तोंड उघडलं, "थांब, मी सांगते," पण दत्तोबांनी हातानं तिला थोपवलं. नाव त्यांच्याही ओठावर आलं होतं. आजवर इतक्या वेळा, इतक्या माईकवरून घेतलेलं. त्यांनी ते गिळलं आणि खाली मातीकडं बघत गप्प बसले.

"जयवंता," ती म्हणाली आणि थांबली. पदर सावरला. चाल नव्हती, म्हणे नव्हतं, नुसतं समोर कोणी असल्यासारखं तिनं सरळ नाव घेतलं.

"गेणू."

तिचा चेहरा लाजेनं तांबडा झाला होता. पोरीसारखी मान खाली घालून बसली ती. मग एकदम डोकं वर करून संस्कृतीकडं बघितलं, जिची पेन्सिल अजून कागदाला टेकलीच नव्हती.

"म्हेत्रे," जयवंता म्हणाली. "लिहिलंस का?"